सहा इंच खोल रुतलेला बाण

२१ जुलै १४०३ रोजी पश्चिम इंग्लंडमधल्या श्रूसबरी गावाबाहेर दोन फौजा भिडल्या. एकीकडे राजा चौथा हेन्री, दुसरीकडे त्याच्याविरुद्ध उठलेला सरदार हेन्री पर्सी. याला सगळे ‘हॉटस्पर’ म्हणत. दोन्हीकडे लांब धनुष्यं चालवणारे कसलेले इंग्रज तिरंदाज होते. एवढ्या मोठ्या संख्येने त्यांनी आपल्याच भूमीत एकमेकांवर बाण सोडण्याची ही पहिलीच वेळ. राजाच्या फौजेची एक बगल त्याच्या थोरल्या मुलाकडे होती. त्याचंही नाव हेन्रीच, वय सोळा.

लढाईच्या धामधुमीत एक बाण या मुलाच्या चेहऱ्यात, नाकाच्या डाव्या अंगाला तिरका घुसला. त्या काळचे बखरकार लिहितात की त्याने मैदान सोडायला नकार दिला. संध्याकाळपर्यंत हॉटस्पर मारला गेला आणि राजा जिंकला. पण राजपुत्राच्या चेहऱ्यातून बाण ओढला तेव्हा नुसती दांडी हातात आली. लोखंडी फाळ आतच राहिला, कवटीच्या मागच्या हाडात रुतून. त्याची खोली नंतर नोंदवली गेली ती सहा इंच, म्हणजे सुमारे पंधरा सेंटिमीटर.

हाच मुलगा पुढे पाचवा हेन्री म्हणून गादीवर बसला आणि १४१५ साली फ्रान्समधली अ‍ॅजिनकोर्टची लढाई जिंकला. इतिहासाची पुस्तकं त्या विजयावर रेंगाळतात. मला मात्र श्रूसबरीनंतरचे काही आठवडे जास्त महत्त्वाचे वाटतात. जंतू म्हणजे काय हे कोणालाच माहीत नव्हतं, एक्स-रे नव्हता, प्रतिजैविकं नव्हती. तरीही जॉन ब्रॅडमोर नावाच्या लंडनच्या एका शस्त्रवैद्याने तो फाळ बाहेर काढला आणि जखम पूर्ण भरून आणली. त्याने काय केलं ते त्याने स्वतःच लिहून ठेवलंय, म्हणून त्याची एकेक पायरी आज आपल्याला तपासून बघता येते.

आधी अडचण काय होती ते बघू. युद्धातल्या बाणाचा फाळ मागच्या बाजूला पोकळ नळीसारखा असे आणि दांडीचं टोक त्या खोबणीत बसवलेलं असे, अनेकदा नुसतं मेण लावून. शरीरात गेल्यावर रक्ताने आणि उबेने ही पकड सैल होई. त्यामुळे दांडी ओढली की ती सुटून येई आणि फाळ आत राही. मग धरायला काहीच उरत नसे. जखमेचं तोंड आक्रसून लहान होई आणि आत लोखंड तसंच.

बाण काढण्याचे दोन मार्ग जुन्या वैद्यांना चांगले ठाऊक होते. आला त्या वाटेने मागे ओढायचा, नाहीतर पुढे ढकलून दुसऱ्या बाजूने काढायचा. सुश्रुतसंहितेत यांना प्रतिलोम आणि अनुलोम म्हटलंय. स्पेनमधल्या कोर्दोबाचा अल-झहरावी हा इसवी सन १००० च्या आसपासचा फार मोठा शस्त्रवैद्य. त्यानेही हेच दोन मार्ग सांगितले आहेत. त्याने तर असा एक रोगी नोंदवलाय की ज्याच्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाच्या मुळाशी बाण शिरला होता आणि तो त्याने कानाच्या पाळीखालून काढला. रोगी बरा झाला. राजपुत्र हेन्रीच्या बाबतीत हा दुसरा मार्ग बंदच होता. पुढे ढकलायचं तर वाटेत कवटीचा तळ, त्याला लागून मेंदूस्तंभ आणि मानेचे मणके. बाजूने मेंदूला रक्त नेणारी कॅरोटिड धमनी. बाणाने या सगळ्याला चुकवलं होतं. वैद्यालाही ते सगळं चुकवायचं होतं, तेही आत काय आहे ते न दिसता.

घाई केली तर काय होतं याचं उदाहरण इंग्लंडच्याच राजघराण्यात होतं. श्रूसबरीच्या सुमारे दोनशे वर्षं आधी, ११९९ च्या मार्चमध्ये, फ्रान्समधल्या शालू किल्ल्याच्या वेढ्यात सिंहहृदयी रिचर्डच्या खांद्यात आडव्या धनुष्याचा बाण शिरला. दांडी निघाली, फाळ राहिला. मग वैद्याने मांस कापत, चाचपडत तो काढला. फाळ निघाला खरा, पण जखम सडली आणि ६ एप्रिलला राजा मेला. जागा खांद्याची, चेहऱ्यापेक्षा कितीतरी सोपी. तरी जीव गेला.

श्रूसबरीहून राजपुत्राला शंभरेक किलोमीटरवरच्या केनिलवर्थच्या किल्ल्यात नेलं. तिथे आधी बरेच वैद्य येऊन गेले. त्यांनी काढे पाजले, इतर उपाय करून पाहिले, पण फाळ जागचा हलला नाही. शेवटी ब्रॅडमोरला बोलावणं गेलं.

ब्रॅडमोरने आल्याआल्या सुरी हातात घेतली नाही. त्याने आधी वाती केल्या. एल्डर नावाच्या युरोपीय झुडपाच्या फांदीत मऊ, हलका भेंड असतो. तो भेंड चांगला वाळवला, जखमेच्या लांबीइतके तुकडे केले, स्वच्छ लिननच्या कापडात शिवले आणि गुलाबाच्या मधात भिजवून जखमेत सारले. थोड्या वेळाने त्या काढून जरा जाड, जरा लांब वाती घातल्या. मग आणखी जाड. वात जखमेच्या तळाला, म्हणजे फाळापर्यंत पोचल्याचा अंदाज येईपर्यंत हे चालू ठेवलं.

यात काय काय साधलं ते नीट बघण्यासारखं आहे. वाळलेला भेंड ओल शोषून फुगतो. फुगताना तो मांस फाडत नाही, सगळ्या बाजूंनी हळूहळू रेटतो. चेहऱ्यावर सुरी चालवली असती तर नस, रक्तवाहिनी किंवा डोळा जाण्याचा धोका होता. शिवाय सुरीला बाणाची वाट माहीत नसते. वात मात्र बाणाने केलेल्या वाटेनेच आत सरकते. म्हणजे तीच वाट रुंद होत गेली, नवी जखम झाली नाही. आणि वात किती आत गेली हे मोजून फाळ किती खोल आहे तेही कळलं. एक्स-रे नसताना खोली मोजण्याचा याहून सुरक्षित उपाय मला तरी सुचत नाही. फुगणाऱ्या कांडीने अरुंद वाट उघडण्याची ही रीत वैद्यकातून गेलेली नाही. गर्भाशयाचं मुख सावकाश उघडण्यासाठी लॅमिनारिया या समुद्री शेवाळाच्या वाळवलेल्या कांड्या अजूनही वापरतात.

मधाचं कामही इथूनच सुरू होतं. मधात साखर इतकी दाट असते की जंतूंमधलं पाणी बाहेर खेचलं जातं. मध आम्लधर्मी असतो. शिवाय मधमाश्यांनी त्यात मिसळलेल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे), जखमेतल्या ओलाव्याशी गाठ पडली की थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत राहतं. ब्रॅडमोरला यातलं काही माहीत असणं शक्य नव्हतं. मध लावलेली जखम कमी चिघळते एवढं पिढ्यानपिढ्यांच्या पाहण्यातून त्याच्यापर्यंत आलं होतं. आज रुग्णालयात जखमेसाठी निर्जंतुक केलेल्या मधाच्या पट्ट्या मिळतात.

वाट तयार झाली. आता फाळ धरायचा कसा? बाहेरून चिमट्याने धरायचा तर चिमट्याचे पाय फाळाच्या दोन्ही बाजूंनी, म्हणजे मांसात आणि हाडात घुसवावे लागणार. ब्रॅडमोरने उलटा विचार केला. फाळाला मागे खोबण आहे, ती रिकामी आहे, मग आतूनच का धरू नये?

त्यासाठी त्याने नवं हत्यार घडवलं. बारीक, आतून पोकळ चिमटा, जाडी बाणाइतकी. त्याच्या मधोमध जाणारा एक स्क्रू. चिमट्याची टोकं आतून-बाहेरून गोलसर घासलेली, स्क्रूचं टोकही गुळगुळीत. चिमट्याचं हे टोक फाळाच्या खोबणीत सारायचं आणि मग स्क्रू फिरवायचा. स्क्रू पुढे सरकला की चिमट्याच्या भुजा बाहेरच्या बाजूला फाकतात आणि खोबणीच्या भिंतींवर घट्ट दाबून बसतात. भिंतीला ड्रिलने भोक पाडून आपण आधी प्लास्टिकचा प्लग ठोकतो आणि स्क्रू आत जाताना तो प्लग फुगून भिंत धरतो, तसंच हे. एकदा भुजा आवळल्या की गेलेली दांडी परत आल्यासारखंच झालं, फक्त ही दांडी सुटत नाही.

त्या काळी स्क्रू आजच्यासारखे यंत्रावर निघत नसत. प्रत्येक आटा हाताने कानशीने कोरावा लागे. त्यात हा तर माणसाच्या चेहऱ्यात जाणारा, बाणाच्या दांडीत मावेल एवढा बारीक. ब्रॅडमोरच्या हस्तलिखितात वर्णनासोबत हत्याराचं चित्रही आहे. त्यावरून आपल्या काळातल्या इंग्रज लोहाराने ते पुन्हा घडवलं आणि ते काम करतं हे दिसलं.

मग प्रत्यक्ष काढण्याची वेळ. बाण ज्या तिरक्या रेषेत गेला होता त्याच रेषेत चिमटा आत घातला, स्क्रू आवळला, आणि हत्यार मागेपुढे हलवत थोडं थोडं करून फाळ बाहेर आणला. जोराचा हिसका दिला नाही. हाडात अडकलेलं लोखंड हलक्या हालचालीने सैल होतं, हिसक्याने हाड तडकू शकतं. राजपुत्राचे सरदार आणि नोकर भोवती उभे होते, सगळ्यांनी देवाचे आभार मानले असं ब्रॅडमोर लिहितो. भूल दिल्याचा उल्लेख त्याच्या वर्णनात नाही. अफू, खुरासानी ओवा, हेमलॉक वगैरे वाइनमध्ये कालवून केलेलं ‘ड्वेल’ नावाचं गुंगीचं पेय त्या काळच्या इंग्लंडमध्ये माहीत होतं, पण त्याचं प्रमाण चुकलं की रोगी जागा होत नसे.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपते. हत्यार विलक्षण आहे, म्हणून सगळं लक्ष त्याच्यावर जातं. माझ्या मते ब्रॅडमोरचं खरं शहाणपण फाळ निघाल्यानंतर सुरू होतं. रिचर्डचाही फाळ निघाला होता.

पंधरा सेंटिमीटर खोल, अरुंद भोक. असं भोक वरून लवकर भरतं आणि आत पोकळी तशीच राहते. तिथे पू साचतो, वाट न मिळाल्यामुळे आत पसरतो. चेहऱ्याच्या मागच्या भागात असं झालं तर मेंदू फार लांब नसतो. म्हणून खोल जखम तळापासून भरत आणायची आणि तोवर वरचं तोंड उघडं ठेवायचं, असं शल्यवैद्यकात आजही शिकवतात. गळू फोडल्यावर डॉक्टर त्यात गॉज भरून ठेवतात, रोज बदलतात, ते याचसाठी.

ब्रॅडमोरने नेमकं हेच केलं. आधी पिचकारीने जखमेत पांढरी वाइन मारून ती धुतली. वाइनमधलं अल्कोहोल जंतू मारायला पुरेसं नसतं, पण तिच्यातली आम्लं थोडी मदत करतात. मोठं काम झालं ते धारेने. गंज, हाडाचा चुरा, साकळलेलं रक्त बाहेर आलं. मग जवसाच्या तंतूंचे बोळे मलमात भिजवून आत भरले. मलमाची कृतीही त्याने दिली आहे. पांढरा पाव पाण्यात विरघळवून कापडातून गाळायचा, त्यात मध घालून मंद आचेवर घट्ट होईपर्यंत शिजवायचा, शेवटी टर्पेंटाइन तेल. टर्पेंटाइन म्हणजे पाइनच्या जातीच्या झाडांच्या डिंकातून निघणारं, जंतूंना न मानवणारं तेल. पावाने मलम जखमेत टिकून राहण्याइतकं दाट झालं.

आणि मग हा एक बारकावा: दर दोन दिवसांनी तो बोळे आखूड करत गेला. बोळा जेवढा आखूड, तेवढी तळाशी जागा मोकळी, आणि त्या जागेत नवं मांस. पुन्हा आखूड, पुन्हा मांस. वीस दिवसांत जखम आतून पूर्ण स्वच्छ झाली. त्यानंतर मांस भरून यायला त्याने दुसरं, काळपट रंगाचं मलम लावलं. फाळ काढताना वाट रुंद करत नेली आणि भरताना तीच वाट मोजून मापून बंद करत आणली. दोन्ही वेळा घाई केली नाही.

याच काळात पू झाल्याशिवाय जखम बरी होत नाही, म्हणून पू होऊच द्यावा, असं मानणारे वैद्य भरपूर होते. त्याविरुद्ध इटलीतल्या थिओडोरिक बोर्गोन्योनीने तेराव्या शतकात लिहिलं होतं की जखम वाइनने धुवावी, आतला कचरा काढावा, पू मुद्दाम होऊ देऊ नये. फ्रान्समधल्या आंरी द मोंदव्हिलनेही तीच बाजू घेतली. म्हणजे स्वच्छ जखमेचा विचार ब्रॅडमोरच्या आधी दीडशे वर्षं वादात होता आणि तो वाद मिटलेला नव्हता.

एक भीती ब्रॅडमोरने मोकळेपणाने लिहून ठेवली आहे. सर्वांत जास्त धास्ती त्याला झटक्यांची होती. म्हणून उपचाराच्या पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तो सकाळ-संध्याकाळ राजपुत्राच्या मानेला स्नायू सैल करणारं मलम चोळत होता आणि वरून गरम लेप बांधत होता. मातीत लोळलेल्या रणांगणावरची खोल, हवा न पोचणारी जखम आणि नंतर आखडणारी मान, हे वर्णन आपल्याला ओळखीचं आहे: धनुर्वात. मलमाने धनुर्वात टळत नाही. पण जखम उघडी ठेवून, धुऊन त्या जंतूला वाढायला जागाच कमी ठेवली, याचा उपयोग नक्की झाला असणार.

हे सगळं तो कुठे शिकला? त्याच्या ‘फिलोमेना’ या लॅटिन ग्रंथात आधीच्या मोठ्या वैद्यांचं बरंचसं लिखाण एकत्र केलेलं आहे, विशेषतः फ्रान्सच्या गी द शोलियाकच्या १३६३ सालच्या ग्रंथातलं, आणि मध्ये मध्ये स्वतःचे रोगी आहेत. शोलियाकने अल-झहरावीचा आधार वारंवार घेतला आहे. अल-झहरावीच्या ग्रंथाचा शेवटचा, शस्त्रक्रियेचा भाग सुमारे दोनशे हत्यारांच्या चित्रांसह बाराव्या शतकात तोलेदो शहरात अरबीतून लॅटिनमध्ये आला होता. म्हणजे कोर्दोबातल्या मुसलमान वैद्याचं ज्ञान चारशे वर्षांनी केनिलवर्थला कामाला आलं.

सुश्रुतसंहिता याहून कितीतरी जुनी. तीतही जखमेत सारायच्या वाती आहेत, तिळाचा कल्क, मध आणि तूप लावलेल्या. शरीरातलं शल्य काढण्याचे पंधरा उपाय सांगितले आहेत, त्यात सैल लोखंडासाठी लोहचुंबकही आहे. हाडात रुतलेल्या बाणासाठी तर असं सांगितलंय: पाय टेकवून यंत्राने ओढावा, नाही निघाला तर धनुष्याच्या दोरीने बाण घोड्याच्या लगामाला बांधावा आणि घोड्याला चाबूक मारावा, म्हणजे तो मान झटकून वर करेल आणि बाण उपटला जाईल, किंवा झाडाची फांदी वाकवून तिला बांधावा आणि फांदी सोडावी. मांडीच्या किंवा दंडाच्या हाडात हे चालेलही. पण त्याला धरायला दांडी हवी, आणि हिसका सोसणारी जागा हवी. राजपुत्राच्या बाबतीत दोन्ही नव्हतं. म्हणूनच खोबणीतून धरणारा चिमटा ही खरोखर नवी भर होती.

एवढी निगा राजपुत्रालाच मिळणार, साध्या शिपायाचं काय, हा प्रश्न पडणं साहजिक आहे. याचं थोडं उत्तर जमिनीतून मिळालं. १४६१ च्या टाउटनच्या लढाईत मारल्या गेलेल्यांचं एक सामुदायिक थडगं १९९६ मध्ये सापडलं, तीसहून जास्त सांगाड्यांचं. त्यातला सोळा क्रमांकाचा सांगाडा चाळिशी उलटलेल्या पुरुषाचा. त्याच्या डाव्या जबड्यावर शस्त्राचा खोल घाव होता, पण तो जुना, पूर्ण भरून आलेला. आधीच्या कुठल्यातरी लढाईत जबडा तुटून माणूस बरा झाला होता आणि पुन्हा लढायला उभा राहिला होता. कोणीतरी ती जखम धुतली असणार, हाड धरून ठेवलं असणार. त्या वैद्याने काही लिहून ठेवलं नाही, किंवा लिहिलेलं टिकलं नाही.

ब्रॅडमोरचं टिकलं, तरी नाव फार काळ झाकलं गेलं. त्याच्या ग्रंथाचं मध्ययुगीन इंग्रजीतलं भाषांतर उपलब्ध होतं, आणि ते दुसऱ्याच शस्त्रवैद्याचं, टॉमस मॉर्स्टीडचं लिखाण समजलं जाई. मूळ लॅटिन हस्तलिखिताशी ते ताडून पाहिलं गेलं तेव्हा, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, श्रेय जिथे जायला हवं तिथे गेलं. हयातीत मात्र त्याची कदर झाली होती. राजपुत्राने त्याला आयुष्यभर वर्षाला दहा मार्कांचा (मार्क हे त्या काळचं पैसे मोजण्याचं माप) तनखा बांधून दिला. १४१२ मध्ये ब्रॅडमोर वारला, त्याच्या पुढच्याच वर्षी त्याचा रोगी राजा झाला.

आणि राजा झालेल्या त्या रोग्याने पुढे काय केलं, तेही कागदोपत्री आहे. १४१५ मध्ये फ्रान्सवर निघताना त्याने मॉर्स्टीडशी रीतसर करार केला. मॉर्स्टीडसोबत त्याच्याच धंद्यातली बारा माणसं आणि तीन तिरंदाज मोहिमेवर येतील, असं त्यात ठरलं. विल्यम ब्रॅडवर्डिन हा दुसरा शस्त्रवैद्य आपली माणसं घेऊन वेगळा होताच. पुढच्या वर्षी दुसऱ्या मोहिमेची तयारी सुरू झाली तेव्हा राजाने या दोघांना हुकूमनामा दिला: लागतील तेवढे शस्त्रवैद्य गोळा करा, आणि त्यांची हत्यारं घडवणारे कारागीरही सोबत घ्या.